स्वयंपाकघरातली कमान

१२ जानेवारी १९३१

ऑफिसात तारखेपुढे फॅसिस्ट राजवटीचं 'वर्ष नववं' असं लिहावं लागतं. रोमचं वय अडीच हजारांच्या पुढे, आणि आम्ही परत एकापासून मोजायला घेतलं आहे. घरी, या वहीत, मी जुनीच तारीख घालणार. एवढं बंड मला झेपतं.

आज आमच्या चाळणवाल्यांच्या बोळात दोन माणसं पांढऱ्या रंगाची बादली घेऊन आली. नव्या रुंद रस्त्यासाठी जे पाडायचं त्यावर पट्टा ओढत गेली. रस्ता सरळसोट जाणार, दोन्ही अंगांना जुन्या रोमचे अवशेष मोकळे उभे राहणार, आणि मधे जी माणसं राहतात त्यांची शहराबाहेर सोय होणार, असं वर्तमानपत्रात आहे. 'सोय' हा शब्द छापलेला दिसला की मला धडकी भरते.

पट्टा रिगेत्तोच्या बेकरीवर पडला. बेकरी आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. तिच्या पलीकडे रस्ता, अलीकडे आम्ही. आम्ही वाचलो.

रिगेत्तो पिठाचे हात घेऊन दारात उभा होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "वाईट झालं रे."

"मग तोंड तरी वाईट कर," तो म्हणाला. "मिशीखालून हसू दिसतंय."

मी हसत नव्हतो. बहुतेक.

१५ जानेवारी, गुरुवार

ऑफिसात दिवसभर कागदावर कमानी काढल्या. एका नव्या सरकारी इमारतीचा दर्शनी भाग आहे. एकावर एक कमानींच्या रांगा, वर शिलालेखाला जागा. आमच्या मुख्य वास्तुकारांना सरकारने 'कमेंदातोरे' ही पदवी दिली, तेव्हापासून त्यांचं नाव कुणी घेत नाही. ते माझ्या आरेखनाच्या पाटापाशी येऊन म्हणाले, "सेत्तीमिओ, कमान ही रोमची सही आहे." सहीच ती. मजकूर दुसऱ्याचा, खाली सही आपली.

खरी गोष्ट अशी की इमारत उभी राहते लोखंड आणि सिमेंटवर. कमान म्हणजे वरून आकड्यांनी टांगलेल्या तिवोलीच्या पांढऱ्या दगडाच्या पातळ लाद्या. जुन्या लोकांच्या कमानीत मधला दगड काढला तर सगळं अंगावर यायचं. आमच्या कमानीतला काढला तर एक लादी कमी होईल.

घरी आलो तर गुरुवार असल्यामुळे बटाट्याच्या न्योक्की शिजत होत्या. एर्सीलियाने रोजचा प्रश्न विचारला. तो आमच्यातला जुना विनोद आहे.

"आज काय काढलंस?"

"कमानी."

"भार आहे का त्यांच्यावर?"

"नाही."

"मग हात धू आणि बस."

माझ्या बायकोची दृष्टी एका तापात गेली, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. ती कडक खळीचे शर्ट इस्त्री करते. आसपासच्या अर्ध्या वकिलांची कॉलर तिच्या हाताखालून जाते. इस्त्री किती तापली ते गालाजवळ नेऊन ओळखते. बाहेर पडली की डावा हात भिंतीवर ठेवून चालते, आणि बोळातली भिंत न् भिंत तिला ओळखते. गुळगुळीत खांब आला की मोच्याचं दुकान, ओल आली की नळ, खरबरीत कोपरा आला की चर्च. शर्ट पोचवायला ती एकटी जाते. मी बरोबर निघालो तर म्हणते, "तू नको, तू खड्ड्यात पडतोस."

२० फेब्रुवारी

बेकरी पाडायला सुरुवात झाली. रिगेत्तोला शहराबाहेर, गवताळ माळावर, एक खोली मिळाली आहे. भट्टी मिळालेली नाही.

जाताना तो आमच्याकडे शेवटची पाव-लादी घेऊन आला. मला म्हणाला, "तुझी बाजू वाचली, सोर सेत्तीमिओ. आता नव्या रस्त्यावरून मिरवणूक निघाली की खिडकीतून टाळ्या वाजव." मग एर्सीलियाकडे वळला आणि आवाज बदलला. "सोरा एर्सीलिया, आता तुमची भिंत गार पडणार हं."

माझ्या लक्षात आलं नाही. एर्सीलियाच्या आलं. आमच्या स्वयंपाकघराची ती भिंत कायम कोमट असायची, कारण पलीकडे त्याची भट्टी. एर्सीलिया ओले शर्ट तिच्यापाशी वाळवते. थंडीत बसते तीही तिथेच, पाठ टेकून. मी इतकी वर्षं समजत होतो की तिला तो कोपरा आवडतो.

२३ फेब्रुवारी

पलीकडच्या कुदळींनी आमचा गिलावा हादरून खाली आला. निम्मी भिंत उघडी. एर्सीलिया शर्टांवर चादर टाकून धूळ शिव्यांनी झाडत होती, आणि मी मात्र जागच्या जागी उभा राहिलो.

आत कमान आहे. खरी. चपट्या रुंद विटा, मधे बोटभर चुन्याचा थर, आणि प्रत्येक वीट थोडी थोडी कलत कलत अर्ध्या वर्तुळात गेलेली. दीड-दोन हजार वर्षांची असेल. वरचा सगळा भार उचलून दोन्ही बाजूंना उतरवते आहे. त्या भारात आमचा माळा आहे, पलंग आहे, माझ्या सासूकडून आलेली कपाटं आहेत. आयुष्यभर कमानी काढल्या आणि खरी कमान कांद्याच्या टोपलीमागे निघाली.

"ही कमान आहे," मी एर्सीलियाचा हात धरून विटांवर ठेवला.

तिने हात फिरवला. "गार आहे," म्हणाली.

२४ फेब्रुवारी

मला सगळं सुचलं आहे. पट्टा एकदा पडला म्हणजे आपण कायमचे वाचलो असं नाही. रस्त्याला उद्या आणखी दोन हात हवेसे वाटले तर? पण घरात प्राचीन वस्तू असेल तर तिला कायदा लागू होतो. पुराणवस्तूंच्या कार्यालयात जाऊन आपणच कळवायचं. मग या घराला बोट लावायची कुणाची छाती नाही.

एर्सीलिया ऐकत होती. कॉलर उलटी करत म्हणाली, "सेत्ती, पिंजऱ्यात पोपट सापडला तर माणसं पिंजरा जपतात का पिंजरा उघडतात?"

"कमान पोपट नाही."

"गिलावा लावून टाक," ती म्हणाली. "चुना मी कालवते."

बायकांना कायद्यातलं कळत नाही. तीन संध्याकाळी खपून मी कमानीचं मोजमापाचं चित्र करणार आहे.

१ मार्च

चित्र झालं. एवढं चांगलं चित्र मी आजवर काढलेलं नाही. वीट न् वीट आहे. फक्त कमान काढली. कांद्याची टोपली, चूल, वाळत घातलेले शर्ट वगळले. त्यांनी चित्र गचाळ दिसतं.

९ मार्च

पुराणवस्तूंच्या कार्यालयातले मोठे अधिकारी डॉक्टर लान्फ्रांकी स्वतः आले! पायऱ्या चढून आले, टोपी न काढता थेट भिंतीपाशी गेले आणि मग टोपी काढली.

"अप्रतिम," ते म्हणाले. पाच मिनिटं नुसते हात लावत राहिले. मग छत, चूल, खिडकी आणि एर्सीलिया यांच्यावरून एक हात फिरवून म्हणाले, "हे सगळं नंतरची वाढ आहे."

"नंतरची म्हणजे कधीची?" एर्सीलियाने विचारलं.

"शेवटच्या चार-पाचशे वर्षांतली, सोरा."

"मी त्याहून लहान आहे," ती म्हणाली. "तरी बसा."

ते बसले. तिने चिकोरीची कॉफी दिली. ते म्हणाले, या कमानीचा शतकानुशतकं कोंडमारा झालाय, तिला आता श्वास घेता आला पाहिजे. मी लगेच म्हणालो, "कपाट हलवावं लागेल."

ते हसले. "कपाटसुद्धा."

माझ्या चित्राची एवढी स्तुती केली की मला लाज वाटली. चित्र बरोबर घेऊन गेले. ते गेल्यावर एर्सीलियाने त्यांचा कप धुतला नाही. का विचारलं तर म्हणाली, "मोकळा श्वास घेऊ दे त्याला."

१९ मार्च, संत जोसेफचा सण

सणाचे क्रीम भरलेले तळीव गोड पदार्थ घेऊन ऑफिसात गेलो. सगळ्यांनी अभिनंदन केलं. कमेंदातोरेंनी खांद्यावर हात ठेवला. "सेत्तीमिओ, तुझ्या घराचं नाव आता नकाशावर येणार."

आणि आलंच. दुपारी रस्त्याचा सुधारित नकाशा आमच्याकडे शाईने उतरवायला आला. "तुझा हात स्वच्छ, तूच उतरव," ते म्हणाले. पेन्सिलीची रेषा सरळ येते, आमच्या घरापाशी तिला पोट सुटतं, आणि ती घराला पुरती कवेत घेऊन पुढे जाते. आतमध्ये तिरक्या रेघा, आणि कमानीच्या जागी बारीक अक्षरात 'मुक्त'. म्हणजे संरक्षित भाग. तिरक्या रेघांचा अर्थ कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. कोपरा दुमडलेला होता. कमेंदातोरे घाईत होते म्हणून मी उलगडत बसलो नाही.

रेषा सुंदर आली. हात एकदाही थरथरला नाही.

घरी सांगितलं. एर्सीलिया म्हणाली, "भार आहे का तिच्यावर?"

मी म्हणालो, ती नकाशातली रेषा आहे, तिच्यावर कसला भार.

२६ मार्च

शेजारची घरंही माणसं मोजून गेली असं मोची सांगत होता. त्याचं घर कमानीपासून बरंच लांब आहे. त्याला काय सापडलं असेल?

८ एप्रिल

ईस्टर झाल्यावर तिसऱ्या दिवशी बादलीवाले आले. मी ऑफिसात होतो. त्यांनी वर येऊन कुणाला काही सांगितलं नाही; भिंतीशी बोलून गेले.

एर्सीलिया शर्ट पोचवायला खाली उतरली. रोजच्यासारखा हात भिंतीवर ठेवला आणि पट्टा ओला होता. तिला वास आला होता म्हणे, पण वाटलं, कुणीतरी दार रंगवतंय, वसंत ऋतू आहे. तशीच भिंत धरत मोच्यापर्यंत गेली, तिथून वकिलाकडे. वकिलाने दार उघडलं आणि तिने शर्ट पुढे केले, तर वरच्या शर्टाच्या छातीवर पांढरा पंजा, पाची बोटांसकट.

बोळात आमच्या दारापासून त्याच्या दारापर्यंत ठिकठिकाणी पांढरे पंजे आहेत. मी येताना ते बघत आलो. आधी वाटलं, पोरांचा चावटपणा. मग आमचं दार दिसलं.

वर ती हात घासत बसली होती. "किती दिवस?" तिने विचारलं. मी म्हणालो, चूक झाली असेल, उद्या विचारतो.

"चित्रात माझे शर्ट काढले असतेस," ती म्हणाली, "तर त्यांना कळलं तरी असतं, इथे कुणी राहतं."

१३ एप्रिल

डॉक्टर लान्फ्रांकींकडे गेलो. दोन तास बाकावर बसवलं. आत गेल्यावर मी विनवण्या केल्या. बायको आंधळी आहे, हातांनी बघते, तिला दुसरीकडे नेणं म्हणजे तिला परत आंधळं करणं आहे. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ते दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर शिवी देऊन बाहेर तरी पडता आलं असतं. म्हणाले, "सिन्योर सेत्तीमिओ, माझ्या हातात असतं तर! पण तुमच्या त्या चित्रामुळे वरपर्यंत सगळ्यांना ती कमान इतकी आवडली आहे."

मग मी ते केलं. "डॉक्टर," मी म्हणालो, "ती कमान खोटी आहे. मी बांधली. पंधरा वर्षं तोच धंदा करतोय, खोट्या रोमन कमानींचा. जुन्या विटा गोळा केल्या आणि हौसेने रचल्या. मला अटक करा हवं तर."

त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं, जसं ताप चढलेल्या माणसाकडे पाहतात. "तुमच्या नव्या इमारतीचा आराखडा मी पाहिलाय," ते म्हणाले. "ती कमान तुम्ही बांधली असती, तर ती पडली असती."

बाहेर आलो. जिन्यात भिंतीवर एक मोठी कमान होती. तीही रंगवलेली.

१४ एप्रिल

एर्सीलियाने चुना कालवून ठेवला होता. मी गिलावा लावला. दोघांनी मिळून लावला, गुळगुळीत होईपर्यंत. आता काही उपयोग नाही हे दोघांनाही माहीत होतं. भिंत छान दिसते.

२ जून

हातगाडी सकाळी आली. चूल काढली, पलंग काढला, इस्त्र्या पोत्यात घातल्या. एर्सीलिया शेवटपर्यंत भिंतीशी होती. खाली उतरल्यावर म्हणाली, तू गाडीबरोबर पुढे हो, मी कोपऱ्यावर येते. मी पुढे झालो. ती चर्चच्या खरबरीत कोपऱ्यापर्यंत आली, तिथे क्षणभर थांबली, आणि हात खाली केला.

८ जून

इथे भिंती नाहीत. खोल्यांच्या रांगा आहेत, पण त्यांच्यामध्ये इतकी जागा आणि माती आहे की हाताला काही लागत नाही. सगळ्या खोल्या सारख्या, सगळी दारं सारखी. एर्सीलिया काल नळावर गेली आणि तासाभराने दुसऱ्याच बाईच्या पलंगावर बसलेली सापडली. ती बाई तिला बीन्सचं सूप देत होती. "चव वेगळी लागली म्हणून कळलं," एर्सीलिया म्हणाली आणि हसली. मी हसलो नाही. या वेळी खात्रीने नाही.

रिगेत्तोने आमच्या दारापासून नळापर्यंत दोरी बांधून दिली आहे, मधे गाठी मारून. "या गाठीला माझं दार, सोरा एर्सीलिया. वाटल्यास टाळ्या वाजवा." मला म्हणाला, "काय सोर सेत्तीमिओ, खिडकीतून मिरवणूक दिसते का?" त्याने पाठीवर थाप मारली आणि निघून गेला. त्याच्याकडे भट्टी नाही. तो आता खडी फोडायला जातो.

वस्तीच्या तोंडाशी पक्षाची कचेरी बांधली आहे. दाराला कमान आहे, माझीच. गेल्या वर्षी काढली होती. एर्सीलियाने तिच्यावर बोटाने टकटक केलं.

"पोकळ आहे."

"पोकळ नाही. मागे सिमेंट आहे."

"मग पुढे हे कशाला?"

३० जून

इथे कडक कॉलरचा शर्ट कुणी घालत नाही. वकील इतक्या लांब शर्ट पाठवत नाहीत. इस्त्र्या अजून पोत्यात आहेत.

१८ ऑक्टोबर, रविवार

तिलाच हट्ट. "मला कमान बघायची आहे," म्हणाली. 'बघायची' हाच शब्द.

बसने गेलो. घर नाही, बेकरी नाही, बोळ नाही. रस्ता अजून खडीचा आहे, पण रुंद इतका की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. मधल्या गवतात, लोखंडी कठड्याआड, कमान. आमचा गिलावा त्यांनी खरवडून काढला होता. एका विटेवर थोडा राहिलाय.

"केवढी आहे?" तिने विचारलं.

"लहान," मी म्हणालो. "उघड्यावर फार लहान दिसते."

ती कठड्यावरून वाकली आणि हात लांब केला. अजून हातभर अंतर होतं. मी तिला कमरेला धरलं, तशी ती आणखी पुढे गेली. पहारेकरी शिट्टी वाजवत आला.

"ओ बाई! हात लावायचा नाही! दिसत नाही का, पाटी आहे!"

"नाही दिसत," एर्सीलिया म्हणाली.

तो ओशाळला. टोपी सरळ केली. "माफ करा, पण लावायचा नाही. नुसतं बघायचं."

ती तशीच हात पुढे करून उभी राहिली. मग म्हणाली, "चल. घरी." आणि मग, "त्या दोरीकडे," अशी स्वतःच दुरुस्ती केली.

११ नोव्हेंबर

मोकळी कमान फुगली आहे. डाव्या अंगाला भेग पडली. डॉक्टर लान्फ्रांकींनी तातडीने पत्र पाठवलं: शेजारच्या घराच्या वजनाने तिला आधार मिळत होता असं आता लक्षात येतं, तरी तिला लागून विटांची नवी टेकू-भिंत बांधावी, आराखडा आमच्या ऑफिसने करावा. कमेंदातोरे म्हणाले, "सेत्तीमिओ, तुला तर जागा पाठ आहे."

पाठ आहे. मोजायला जावं लागलं नाही. आमच्या स्वयंपाकघराची भिंत जिथे होती तिथेच, तेवढीच जाड, तेवढीच उंच लागते. खिडकी नको, चुलीचं धुराडं नको. दुपारपर्यंत काढून झाली. मग मी न सांगता, कमरेच्या उंचीवर, एक छोटा कोनाडा काढला. एर्सीलिया तिथे इस्त्र्या ठेवायची.

कमेंदातोरे चष्मा वर करून बघत होते. "हे काय?"

"हवा खेळायला," मी म्हणालो.

"भिंतीला हवा कशाला? उगाच बिनकामाचं काही काढायचं नाही, सेत्तीमिओ." त्यांनी माझ्याच पाटावरचा खोडरबर उचलला, कोनाडा पुसला आणि कागदावर फुंकर मारली. मी शाई फिरवली.

घरी पोचलो तेव्हा एर्सीलिया दारात बसली होती, दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून.

"आज काय काढलंस?"

"भिंत."

"भार आहे का तिच्यावर?"

"आहे," मी म्हणालो. "या खेपेला आहे."

कुठली भिंत ते तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. आत गेलो, हात धुतले आणि बसलो.